नुसता हात बरा करा

"मॅडम, हिचा हात थरथरनं तेवढं बंद करून द्या. तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे येऊन राहिले."

मुलीचे वडील खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होते. मुलगी त्यांच्या मागे उभी. शेजारी रिकामी खुर्ची होती, पण ती बसली नाही. मी दोनदा सांगितलं तेव्हा बसली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. अमरावतीत एका मनोविकारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम करते. गोळ्या सर देतात, बोलून उपचार करायचं काम माझं. मुलीचं नाव इथे शुभांगी ठेवते, खरं वेगळं आहे. गाव तिवसा तालुक्यातलं. घरची भाजीची आणि झेंडूची शेती.

झालं असं होतं. उन्हाळ्यात तिला बघायला एक स्थळ आलं. चहाचा ट्रे घेऊन बाहेर येताना कपबश्या खडखडल्या आणि मुलाच्या काकाच्या पँटवर चहा सांडला. काकानं विचारलं, "पोरीले फिट गिट येते काय?" फिट हा शब्द गावात पसरायला वेळ लागत नाही. वडील घाबरले आणि तिला घेऊन सरांकडे आले. सरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. फिट नव्हती, थायरॉइड नव्हता, काहीच नव्हतं. मग केस माझ्याकडे आली.

"बाकी काई तक्रार नाई मॅडम," वडील म्हणाले. "पोट्टी लय गरीब आहे. कोनाच्या समोर तोंड उघडत नाई."

गरीब म्हणजे पैशानं नव्हे. आमच्याकडे जी मुलगी मान वर करत नाही, उलटून बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते, ती गरीब. लग्न जमवताना हा शब्द मुलीच्या शिक्षणाच्या आधी सांगतात. वडील तो अभिमानानं सांगत होते, आणि मी मात्र तो लक्षणांमध्ये लिहून घेत होते.

त्यांना मी बाहेर बसायला सांगितलं.

समोरासमोर बसलं की अशी मुलं आणखी मिटतात. मी खुर्ची फिरवून तिच्या बाजूला बसले. भाषाही बदलली. मी शेंदूरजनाघाटची. क्लिनिकमधली शुद्ध मराठी मी कॉलेजात येऊन शिकले, घरची विसरलेले नाही.

"कवा थरथरते हात?"

तिनं ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं. मग, "चार लोकं पाहून राहिले असले का."

"अन् कोनी पाहत नसलं तं?"

"नाई थरथरत."

"म्हशीचं दूध काढतं?"

"हाव."

"तवा?"

पहिल्यांदा ती किंचित हसली. "म्हैस कायले पाह्यते मले."

म्हणजे हात धड होता. भीती हाताची नव्हती, नजरेची होती. चार डोळे आपल्यावर आहेत, ते आपली चूक शोधतायत, आत्ता आपलं हसं होणार, ही ती भीती. मग छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हात थरथरतात. याला आम्ही सोशल अँक्झायटी म्हणतो. लाजाळूपणा वेगळा. लाजाळू माणूस नव्या ठिकाणी थोडा वेळ गप्प राहतो, मग मोकळा होतो. इथे माणूस त्या ठिकाणी जाणंच सोडतो. फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: या भीतीपायी तू काय सोडलंस?

शुभांगीनं बी.एड. सोडलं होतं.

बी.एड.मध्ये पाठ घ्यावे लागतात. म्हणजे खऱ्या शाळेतला खरा वर्ग आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक. दुसऱ्या पाठाला ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली ती वळलीच नाही. तास संपायच्या आत घरी आली. घरच्यांना सांगितलं, तब्येत बरी नाही. त्यांनी मानलं, कारण मुलगी घरी आहे याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

"पाठ पूर्ण कराचे आहेत?" मी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, "दुसरं काई नाई पाह्यजे मॅडम मले. तेवढंच."

आम्ही कामाला लागलो.

या उपचाराला एक्सपोजर म्हणतात. ज्याची भीती वाटते तेच करायचं, पण पायरी पायरीनं. सगळ्यात सोपी भीती आधी. शिवाय ज्या युक्त्यांनी माणूस भीती टाळतो त्या एकेक काढून घ्यायच्या. शुभांगीच्या युक्त्या पुष्कळ होत्या. बसमध्ये ती नेहमी ओळखीच्या बाईशेजारी बसायची, म्हणजे तिकीट ती बाई सांगते. दुकानात ती चिठ्ठी पुढे करायची.

पहिली पायरी बसची. एकटीनं बसायचं आणि तिकीट स्वतः मागायचं. पुढच्या सेशनला तिनं सगळं सांगितलं, कंडक्टरच्या आवाजात.

"तो म्हने, काय? मी म्हटलं, तिवसा. तो म्हने, दिवसा? बाई, दिवसाच चालते ही गाडी. सारी बस हासली."

"मंग?"

"मेल्यावानी झालं. मंग पुन्हा म्हटलं, जोरानं. तिवसा!"

"मेली का मंग?"

"नाई जी." आणि हसली.

मी तिला एक नियम दिला होता. समोरच्यानं ऐकलं नाही, टाळलं किंवा हसण्यावारी नेलं, तर गप्प बसायचं नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. भित्री माणसं पहिल्या हसण्याला माघार घेतात, म्हणून हा नियम. तो तिनं फार मनापासून पाळला.

भाजीबाजारात तिनं वडिलांचा झेंडू स्वतः भाव सांगून विकला. नंतर क्लिनिकच्या वेटिंग हॉलमध्ये पाठ घेतला. विषय बाष्पीभवन. विद्यार्थी मी, रिसेप्शनच्या ताई आणि डॉक्टर सर. सर मुद्दाम मागच्या खुर्चीत वही घेऊन बसले. तिचा आवाज सुरुवातीला पंख्याखाली दबला होता.

"बाई, ऐकू येत नाही," सर म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग तुम्ही पुढे येऊन बसा," ती म्हणाली.

सर उठून पुढे आले. खडू धरलेला हात स्थिर होता.

ती गेल्यावर सरांनी विचारलं, "वडिलांना सांगितलंय का, तुम्ही काय करताय ते?"

"ते हाताबद्दल विचारतात. हात सुधारतोय म्हणून सांगते. बाकी सर, ती सज्ञान आहे."

"ती आहे," सर म्हणाले. "घर नाही ना."

मला ते तेव्हा जुन्या पिढीचं बोलणं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं. पाहुणे अकोल्याचे होते. त्यानंतरच्या सोमवारी क्लिनिक उघडायच्या आधीच वडील दारात उभे होते. मुलगी मागे.

"हात कसा होता?" मीच आधी विचारलं.

"हात एक नंबर," वडील म्हणाले. "एक थेंब सांडला नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चहा झाला. पोहे झाले. नाव, गाव, शिक्षण विचारून झालं. शेवटी मुलाचे मामा म्हणाले, "बाई, तुले काई विचाराचं असन तं विचार."

हे वाक्य प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमात असतं. तो प्रश्न नसतो, कार्यक्रम संपल्याची खूण असते. मुलीनं नाही म्हणून मान हलवायची, आणि मंडळी चपला शोधायला लागतात.

शुभांगीनं विचारलं.

"माहे बी.एड.चे पाठ राह्यले. लग्नानंतर पूर्ण करू द्यान का?"

मामा हसले. म्हणाले, पाहू, पाहू. उत्तर मिळालं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. मामांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, घरात काम पुष्कळ असते. हेही उत्तर नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी थेट मुलाला. मुलगा मोबाइल बघायला लागला.

त्याच संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. निरोप एवढाच: तुमी तं गरीब सांगतली होती, पोट्टी तं तेज निंगाली.

तेज हा आमच्याकडे सुरीचा गुण आहे आणि मुलीचा दोष. मलाही तो लागला होता. मी अमरावतीला शिकायला आले तेव्हा शेजारी माझ्या वडिलांना म्हणाले, पोट्टी तेज झाली. माझे वडील संत्र्याच्या बागेत मजुरीनं फळं तोडत. ते म्हणाले, "मंग बोथट इळा घेता का जी बाजारातून?" आमच्या घरातली पहिली पदवी त्या एका वाक्यावर उभी आहे. प्रत्येक घरात असं वाक्य बोलणारं कुणीतरी असतं, असं मी धरून चालले होते.

"मॅडम," शुभांगीचे वडील म्हणाले, "मी इले हात थरथरनं बंद कराले आनली होती. तोंड उघडाले नाई."

"काका, दोन्ही एकच आहे. भीती गेली की हातही थांबतो आणि—"

"नुसता हात बरा कराचा होता ना!"

नुसत्या हाताचा असा उपचार नसतो, हे त्यांना कसं सांगायचं? आणि ते वाईट माणूस नव्हते. घरी आणखी एक मुलगी होती. एकीचं नाव तेज म्हणून झालं की दुसरीचं कुणी विचारत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा, मॅडमले काहून बोलता? मी विचारलं. मले विचाराचं होतं."

आवाज स्वच्छ होता. मान वर होती. इतक्या महिन्यांत मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि ती ते वडिलांसमोर, माझ्यासमोर, उघड्या दारात करत होती. रिसेप्शनच्या ताई थांबून बघत होत्या.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोट तिच्याकडे केलं आणि मला म्हणाले, "पाह्यलं?"

त्यानंतर ती आली नाही. मी दोनदा फोन केला. वडिलांनी उचलला, नीट बोलले, आणि शेतात तोडणीचं काम आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न अकोल्याजवळच्या एका गावात, दुसऱ्याच घरी झालं. या वेळी मुलीला काही विचारायचं आहे का, हे कुणी विचारलंच नाही. मला कळलं ते तिच्याकडूनच. लग्नानंतर बऱ्याच महिन्यांनी तिचा फोन आला. पाठांचं विचारलं, तर म्हणाली राहिले. सासरच्यांनी नाही म्हटलं नव्हतं. पाहू म्हटलं होतं.

"गप्प बसतेस का मग?" मी विचारलं.

"बसतो, मॅडम. पन पह्यल्यासारखं नाई. तवा बोलताच येत नव्हतं. आता येते." मग म्हणाली, "आता जास्त जड जाते."

मी तिला सांगायचं ते सांगितलं. कॉलेजात पुन्हा नाव घालून पाठ घेण्याचं, नवऱ्याशी एकटं असताना बोलण्याचं, गरज पडली तर मदत कुठे मिळते त्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागून कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

तिच्या केसवर सरांनी 'सुधारणा' असा शेरा मारलेला आहे. तो चुकीचा नाही. हात आजही थरथरत नाही.

सर 'घर नाही ना' म्हणाले होते ते मला उशिरा कळलं. आता अशी मुलगी आली की पहिल्याच भेटीत, तिच्यासमोर, मी घरच्यांना विचारते: "ही बरी झाली तर बोलायला लागेल. तुम्हाला चालेल का?" काही जण हो म्हणतात, आणि त्यांनाही मी पुढच्या भेटींना बोलावते. काही जण तिथूनच उठून जातात. मी थांबवत नाही. उपचार होत नाही, पण घराचं निदान होतं.