शुक्रवारचं गॅरेज

इकडे आखातात, हिद्दमधलं हे भाड्याचं घर आम्ही गॅरेजसाठी घेतलं. मला तिथं स्वतःचं वर्कशॉप हवं होतं आणि बायकोला शुक्रवारची बुद्धवंदना. आपली बहुतेक माणसं हूऱ्याच्या दाट वस्तीत एकेका खोलीत राहतात, ती जमणार कुणाकडे? आमच्याकडे शटर वर करून चटया टाकल्या की चार-पाच कुटुंबं ऐसपैस बसायची. बाकी आठवडाभर माझ्या शिफ्ट, मुलीची शाळा आणि बायको घरात एकटी. शुक्रवारी मात्र सकाळपासून तिचा आवाज अख्ख्या घरात फिरायचा.

यंदा उन्हाळा उतरल्यावर मी मनावर घेतलं. फरशीवर खडूनं सगळं आखलं, बेंच इथं, ड्रिल मशीन तिथं, भिंतीवर पान्यांचा बोर्ड. ती येऊन खडूच्या रेघांत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अहो, एका बाईले एवढी जागा लागते. मोजा."

मी खरंच टेप लावून मोजली. "बेंचला चाकं लावतो," मी म्हणालो. "शुक्रवारी ढकलला बाहेर की खलास."

चाकं आणली, लावलीसुद्धा. लॉकवाली होती, तरी करवत चालवली की बेंच डुगडुगायचा. मी प्लांटवर मेंटेनन्स फिटर आहे. तिथं पंप थरथरला तर त्याचे पाय फाउंडेशनला आवळल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. हलणारी वस्तू मला बघवतच नाही, हा माझा रोग. एका सुट्टीच्या दुपारी ती मुलीला घेऊन बाजारात गेली, तेव्हा मी चाकं काढून टाकली, फरशीला भोकं पाडली आणि अँकर बोल्ट मारून बेंच पक्का केला. वर काम घट्ट पकडायचा लोखंडी व्हाइस चढवला. जोर लावून पाहिला, तसूभर हलेना. इतकं बरं वाटलं की विचारू नका.

ती परत आली, पिशव्या हातात घेऊनच शटरपाशी थांबली. मग पुढे होऊन तिनंही बेंच ढकलून पाहिला.

"हलत होता गं," मी म्हणालो.

"हो," एवढंच म्हणून ती आत गेली. भांडली असती तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. तयारच ठेवल्या होत्या.

शुक्रवारी माणसं आली. चटई अर्धीच पसरली. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, पुरुष बाहेर गाडीच्या आडोशाला उभे राहिले. सगळ्यांनी "चालते चालते" म्हणत एकमेकांना जागा करून दिली. मूर्तीचं टेबल मावेना, म्हणून बायकोनं बेंचवरच पांढरी चादर अंथरली, व्हाइसही तिच्याखाली झाकला आणि मूर्ती मांडली. तिनं मेणबत्ती लावली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले. बायकोचाही आवाज तिथं ऐकू आला नाही. ठसका लागला असेल, असं मला वाटलं.

नंतर ती खीर वाढू लागली. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू, मुलाकडे हूऱ्यात राहतात, त्यांनी तिचा हात धरला.

"बाई, तू फोनवर सांगतलं ते मी सगळ्यायले सांगतलं. तुले आता हे झेपत नाई, त आराम कर. पुढच्या शुक्रवारी आमी पाहू कुठी तरी."

मी चमकून बायकोकडे पाहिलं. पहाटे उठून एकटीनं पातेलंभर खीर करणारी, गॅरेज धुऊन काढणारी बाई. तिला झेपत नाही? तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो ना काकू," ती म्हणाली, "पाठ लय दुखते आता."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"खीर घ्या ना अजून," मी म्हणालो.