सुजाताताईचं मार्सियाक

सुजाताताई गेल्याचं तिच्या मुलीनं, सायलीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी इथं बहारीनमध्ये, झिंजला घरी वरणाला फोडणी देत होते. संध्याकाळी दुसरा फोन आला, आमच्या इथल्या बौद्ध मंडळाच्या कांबळेकाकांचा. "पुण्यानुमोदनाला तू बोल. पण हॉटेलात कामाला होती एवढंच सांग. वाईनचं काढू नको." तोवर नुसतं रडू येत होतं... मग जो राग आला तो आज पाच आठवड्यांनीही उतरलेला नाही.

ताई इथल्या सीफ भागातल्या एका हॉटेलात पाहुण्यांना वाईन निवडून द्यायची, आणि स्वतः तिनं आयुष्यात थेंब घेतला नाही. मद्य न घेण्याचं पाचवं शील ती नुसतं म्हणत नव्हती, पाळत होती. सगळं ज्ञान नाकाचं. हॉटेलनं एकदा फ्रान्सला शिकायला पाठवलं, तिथून ती मार्सियाक नावाचा इवलासा मुलूख मनात घेऊन आली. थोडी गावं, लोहानं लाल झालेली माती, उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे, आणि मुख्यतः एकच काळं द्राक्ष. बाहेर त्याला फेर सर्वादू म्हणतात, तिथले लोक मांस्वा. "बोर्दोच्या वाईनला सगळेच सलाम ठोकतात गं," ती म्हणायची, "याला कोण विचारतो? मी विचारते."

एकदा एका पाहुण्यानं मार्सियाकची बाटली परत केली. ढोबळ्या मिरचीचा वास येतो म्हणे. मॅनेजर माफी मागायला धावला. ताईनं ग्लास नाकाशी धरला आणि सांगितलं, वाईन चांगली आहे, या द्राक्षाचा स्वभावच असा आहे. "तुम्ही चाखली तरी का?" पाहुण्यानं विचारलं. "नाही, आणि चाखणारही नाही. जरा थांबून पुन्हा वास घ्या." त्यानं घेतला, आणि बाटली संपवली. मॅनेजरनं तरीही तिला लेखी समज दिली. ती तिनं घरी फ्रिजवर चिकटवली.

ताईच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, मांस्वासकट. काका मधेच म्हणाले, "अगं, अशा वेळी दारूच्या द्राक्षाचं नाव घेतात काय?"

"घेतलं की, काका. तिनं शील मोडलं असेल तर सांगा, मी खाली बसते."

मी बसले नाही. तेवढ्यात सायली आत गेली. आईचा लांब दांड्याचा ग्लास तिनं धुऊन, पुसून आणला आणि रिकामाच फोटोशेजारी ठेवला. जन्मभर आईला इंग्रजीत उत्तरं देणारी ही पोरगी काकांकडे बघत मराठीत म्हणाली, "आईचा आहे. इथंच राहील."

मी दर शुक्रवारी सायलीकडे जाते. ग्लास तिथंच आहे. कुणाला तो हलवायचा असेल, तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं.