दिंद्रुडचे न बोलणारे फादर

वसईहून निघताना बायकोनं पिशवीत सुके बोंबील कोंबले आणि धारूर येईपर्यंत अख्ख्या एसटीनं त्याची शिक्षा भोगली. खाली उतरलो तर समोर सीताफळांचे ढीग! मी तिथंच खूश झालो.

"कावून आलात एवढ्या लांबून? काय काम काढलं?" फळवाल्या चाचांनी विचारलं.

मी सांगितलं, आमच्या चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. त्यासाठी म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करतोय. दिंद्रुडचे फादर सायमन तेवढे राहिलेत. जुन्या पुस्तकात त्यांचा फोटो आहे, पण खाली नावसुद्धा नाही, नुसतं 'मदतनीस'. मातंग वस्तीतला पोरगा फादर झाला, हे कुणाला लिहावंसंच वाटलं नव्हतं. ते बोलले नाहीत तर पुन्हा तेच छापलं जाणार होतं.

"त्ये लई कमी बोलतेत. आमच्या अब्बाचं बी सगळं आईकून घ्यायचे, सोताचं काईच सांगायचे न्हाई," चाचा म्हणाले आणि फादरांसाठी दोन सीताफळं जास्तीची घातली.

घाट उतरून दिंद्रुड गाठलं. फादर इथं भाचीकडे राहतात. भाचीनं, सुमनताईंनी, बोंबील बघून नाक मुरडलं, पण चुलीवर भाजले. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बोंबील! फादर तीन भाकरी जेवले. मग मी रेकॉर्डर काढला आणि ते जे गप्प झाले ते झालेच. तासाभरानं मी हात टेकले.

"मामा जल्मभर लोकायची पापं आईकत पापनिवेदनाच्या जाळीआड बसले," सुमनताई म्हणाल्या. "समोर तोंड असलं की त्यायला बोलताच येत न्हाई." त्यांनी आमच्या मधल्या दोरीवर लुगडं टाकलं आणि मला पलीकडं बसवलं.

मग लुगड्याआडून आवाज आला, "मदतनीस न्हाई. मी धर्मगुरू हाय."

मग काय, सायकलवर पालथी घातलेली गावं, हलगीवर बसवलेली भजनं, मोठ्या चर्चमधल्या नेमणुकीचा विषय निघाला की दरवेळी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे वरिष्ठ, सगळं हसतहसत बाहेर आलं. मी जन्माचा बडबड्या, पण दोन तास चकार शब्द काढला नाही.

"झालं सांगून," शेवटी फादर म्हणाले. "आता प्रायश्चित्त काय देता?"

"नवं पुस्तक आलं की त्यातलं तुमचं नाव रविवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं!"

ते असे गदागदा हसले की हात लागून लुगडं खाली आलं. आम्ही समोरासमोर बसून हसत राहिलो.

परतीच्या एसटीत ते रेकॉर्डिंग ऐकत होतो. इतकी वर्षं लोकांनी आपलं सगळं यांच्या कानावर घातलं, यांनाही काही सांगायचं असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही, याची लाज वाटली. पण आनंद त्याहून मोठा होता. घरी पोचल्यावर जेवायलाही थांबलो नाही. आधी त्या फोटोखालचा शब्द खोडला आणि लिहिलं: फादर सायमन, धर्मगुरू.