चोरीला गेलेला कूड

भिंत चोरीला गेली म्हणून ठाण्यात आलेल्या त्या मावशी आजही डोळ्यांपुढे उभ्या राहतात. घरी मी हा किस्सा काढला की धाकटी म्हणते, "आला बाबांचा दरोडा!" खरे दरोडे माझ्या वाट्याला फारसे आलेच नाहीत, त्याला मी काय करणार?

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना डोंगराकडच्या आदिवासी वस्तीतलं एक म्हातारं जोडपं आलं. मावशी पुढे, बाबा बरेच मागे.

"सायब, माजा कूड चोरीला गेला."

कूड म्हणजे तुराट्या बांधून, वर शेणमातीनं लिंपलेली भिंत. ठाणे अंमलदारानं लेखणी खाली ठेवली. "मावशी, भिंत कोन चोरतंय? पडली असंल."

"पडली असती तर माती तरी ऱ्हायली असती का न्हाई?"

अंमलदारानं लेखणी परत उचलली. त्या कुडावर मावशी दरवर्षी नव्यानं लिंपून पांढऱ्या मातीची चित्रं काढायच्या. मोर, बैल, हात धरून नाचणारी माणसं. लेकीच्या बाळंतपणाला त्या पालमला गेल्या आणि परत येऊन बघतात तर चुलीमागं थेट शेत दिसतंय.

"कूड आणून द्या. न्हाईतर त्या घरात मी ऱ्हात न्हाई. लेकीकडं जाते, कायमची."

बाबा मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, बिचारे दुःखात आहेत.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कूड खांबांना ज्या दोऱ्यांनी बांधलेला होता, त्या कापलेल्या नव्हत्या. एकेक गाठ सोडवून, दोऱ्या नीट गुंडाळून खुंटीला अडकवल्या होत्या. चोर गाठ कापतो, सोडवत बसत नाही. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं. हे माझ्या चटकन लक्षात आलं, असं मी घरी सांगतो. लक्षात आलं होतं आमच्या हवालदारांच्या.

मग ताडकळसच्या बाजारातून खबर आली. एक पिकअपवाला चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होता, की त्यानं परभणी स्टेशनपर्यंत एक भिंत पोचवली. त्याला बोलावून घेतलं.

"गाद्यांवर झोपवली होती साहेब, वल्या बाळंतिणीवानी. खड्डा आला की मागं बसलेला म्हातारा टपावर थापा मारायचा. 'सावकास लेका, मोर फुटंल!' लय वैताग आला."

बाबांना एकट्याला चौकशीला बोलावलं. मी प्रश्न मनाशी जुळवून ठेवले होते, सोपे आधी, अवघड नंतर. पहिला विचारायच्या आतच ते म्हणाले, "मीच दिला."

"कुणाला?"

"मुंबईची एक चित्रं काढणारी बाई आली हुती वस्तीवर. म्हनली, परदर्शनात ठिवते, मागनं वापस आनून देते. हिनं तिला वाटंला लावली. म्हनली, चुलीमागच्या रेघोट्या कोन बघतंय?" चहाचा कप त्यांनी उगाचच फिरवला. "मी बघतो, सायब. रोज जेवताना बघतो."

"मग तसं मावशींना सांगायचं."

"लाज वाटती हो."

मावशी पालमहून परतायच्या आत कूड आणून बांधून टाकायचा, असा बेत होता. नातू लवकर झाला आणि बेत फसला. मावशी तणतणत ठाण्याकडे निघाल्या, तेव्हा बाबाही निमूट मागोमाग आले.

"आता सांगितलं तर ती जाईल," ते म्हणाले. "खरंच जाईल. तुमी वळखत न्हाई तिला."

नवऱ्यानं आपल्याच घरचा कूड दाखवायला दिला, ही चोरी होत नाही. जबाब घेऊन प्रकरण मिटवता आलं असतं. पण त्या संध्याकाळीच मावशींनी पालमची एसटी धरली असती. खरं काय ते त्यांना कुडासमोरच कळावं, म्हणून मी फर्मावलं, की मालाची ओळख फिर्यादीनंच जागेवर जाऊन पटवायची. हवालदारांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. कायदा त्यांनाही येत होता.

मावशी, बाबा, हवालदार आणि मी असे चौघं मुंबईला गेलो. बंदराजवळच्या एका जुन्या गोदामाचं चित्रदालन केलेलं होतं. आदिवासी चित्रं आणि आजच्या चित्रकारांची कामं एकत्र मांडली होती. एका खोलीत नुसते बोटींचे जुने दोर टांगलेले. हवालदार कानाशी म्हणाले, "साहेब, ही तर आपली मुद्देमालाची खोली दिसायलीय." दिसत होती खरी. आपल्याकडे उजेड तेवढा कमी.

शेवटच्या दालनात कूड उभा होता. समोर माणसं टक लावून उभी होती, एक मुलगी तर जमिनीवरच बसून बघत होती. मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि परक्याच्या घरी आल्यासारख्या सगळ्यांच्या मागं उभ्या राहिल्या.

"माजाच हाय," त्या हळूच म्हणाल्या.

ओळख पटली. आता चोराचं नाव सांगायचं होतं. मी घसा साफ करतोय तोवर बाबाच बोलले, आणि भीतीनं जरा मोठ्यानंच बोलले. "चोर बी हितंच हाय. मी आनला."

माणसं वळून बघायला लागली. मावशी वळल्या नाहीत. मी मनातल्या मनात पालमच्या गाडीची वेळ आठवू लागलो.

"तुमाला दिसत हुता व्हय हा?" कुडाकडं बघतच त्यांनी विचारलं.

"रोज."

"मग कदी बोलला न्हाईत ते?"

"जेवताना कसं बोलावं?"

"येडंच हाय हे मानूस," मावशी जमिनीवर बसलेल्या त्या मुलीला म्हणाल्या. मग बाबांची बाही धरून त्यांनी त्यांना ओढत पुढं नेलं. "हितं या. तिथनं मोराचं त्वांड दिसत न्हाई."

आणि नवऱ्याला आपलं चित्र त्या बोटानं दाखवू लागल्या. आम्ही दोघं पोलीस दोरांच्या खोलीत जाऊन थांबलो.

तक्रार गैरसमजातून दिली होती असा जबाब मावशींनी दिला, प्रदर्शन संपल्यावर कूड घरी आला, आणि पालमला त्या फक्त नातवाच्या बारशाला गेल्या. माणसांनी लपवलेलं वाईट बाहेर कसं काढायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. माणसं चांगलंही लपवतात, आणि ते काढायला कुणी चौकशी लावत नाही, हे मला त्या कुडापुढं कळलं.

घरी परतल्यावर जेवताना मी बायकोला म्हणालो, "तुझ्या हातच्या भाजीला तोड नाही."

तिनं वाढायचं थांबवलं. "काय केलंत? खरं सांगा."

माझा जबाब बराच वेळ चालला.