जानेफळातून दिसणारी लढाऊ जहाजं

जर्मनीत हॅम्बुर्ग नावाचं बंदराचं शहर आहे. समुद्रापासून बरंच आत, नदीवर. तिथे कोणत्या देशाचं लढाऊ जहाज पाहुणं आलं, कधी आलं, कुठे थांबलं, हे आमच्या जानेफळात तीन माणसांना बसल्या जागी ठाऊक असायचं. एक आमचे हे, दुसरे एक रिटायर गुरुजी आणि तिसरे मेडिकलवाले. मेहकरहून येणारी एसटी कधी येईल, हे मात्र तिघांपैकी एकालाही सांगता यायचं नाही.

आता जानेफळाचा आणि जहाजांचा काय संबंध, तर आमची एकुलती एक लेक तिथे नोकरीला आहे. तिच्यासाठी यांनी दुसरबीडचं स्थळ पाहिलं होतं. माणसं चांगली, शेती चांगली, रस्त्याला लागून दुकान. मुलाचा फोटो लेकीला पाठवायच्या आधीच इकडे सुपारी फुटली. तिनं फोनवर नाही म्हटलं ते म्हटलंच, वर म्हणाली, तुम्हाला एवढा पसंत असेल तर तुम्हीच करा त्याच्याशी लग्न. हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. पण जीभ बापाची आहे, माझी नाही. हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, दिलेला शब्द मागे घ्यायची सवय नाही. दुसरबीडवाल्यांनी चार लोकांत सुनावलं आणि यांनी लेकीशी बोलणं टाकलं. तिनं दोन-तीनदा फोन केला, यांनी उचलला नाही, मग तिनंही नाद सोडला. त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. घरात फोन आला की हे उठून अंगणात जात आणि नळाला पाणी आलं का ते पाहत. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा लेकीनं मला काहीतरी पाठवलं आणि म्हणाली, आई, हे टीव्हीवर लाव. लावलं, तर नदीच नदी. तिकडे काठावर कॅमेरा बसवलाय, तो दिवसरात्र नदी दाखवतो. डाव्या कोपऱ्यात लाल विटांची इमारत, तिच्यात वरच्या मजल्यावर लेकीची खोली. मी तूर निवडता निवडता ते यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मोलकरणीला सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही, पण त्या दिवसापासून यांची खुर्ची टीव्हीच्या डाव्या बाजूला सरकली.

आता रिटायर हेडक्लार्क दुपारभर टीव्हीवर पाणी पाहत बसतो, याला कारण तर पाहिजे. लेक दिसते का पाहतो, असं कसं म्हणणार? मग एक दिवस करड्या रंगाचं जहाज गेलं आणि यांना कारण सापडलं. गुरुजी आले तेव्हा यांनी सांगितलं, मी आरमाराचा अभ्यास करून राह्यलो. गुरुजींनी चाळीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवलेला. ज्या विषयातलं काही ठाऊक नाही तो विषय शिकवायला त्यांना विशेष आवडतो. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची पुढे ओढून बसले. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाले आले, कारण आमच्याकडे कूलर आहे.

नियम एकच होता, करडं ते लढाऊ. त्या नियमानं तिथल्या गाळ काढणाऱ्या एका जहाजाला आमच्या बैठकीत पंधरवडाभर युद्धनौकेचा मान मिळाला. गाळ ओढायच्या जाड पाइपाला गुरुजी तोफ म्हणायचे. ही तोफ पाण्यात काऊन घालून राह्यले, असं मेडिकलवाल्यांनी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, थंड करून राह्यले. पुढे मी लेकीला विचारून खरं काय ते सांगितलं, तेव्हा तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शत्रूला फितूर झाले. पण हार मानतील तर कसले. मग ते गाळावर बोलायला लागले. जर्मन लोकांचं गाळाकडे दुर्लक्ष आहे, असं ठरलं. आमच्या गावतळ्यातला गाळ काढायचा ठराव किती वर्षं पडून आहे ते विचारू नका. ठरावावर पहिली सही गुरुजींची आहे.

हळूहळू खरी लढाऊ जहाजंही ओळखू यायला लागली. मागच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरायला सारवलेल्या खळ्यासारखी मोकळी जागा, कडेला रांगेत उभी असलेली पोरं. माझा चहा मात्र कोणत्याही देशाच्या जहाजाला सारखाच लागायचा.

तर तो शनिवार. बाहेरच्या देशाचं मोठं लढाऊ जहाज काठाला लागलेलं. तिघंही सकाळपासून खूश, घरी जावई आल्यासारखे. दुपारी एक मालाचं जहाज त्याच्या समोरून निघालं. कॅमेरा जवळ गेला. मालाच्या जहाजानं आपला झेंडा हळूच अर्ध्यावर आणला. आमच्या बैठकीत कोणी हलेना. मग लढाऊ जहाजाचाही झेंडा खाली आला. आणि आमची लाइट गेली.

कूलर थांबला. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "गेलं कोणीतरी मोठं."

झेंडा अर्ध्यावर म्हणजे दुखवटा, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि दोन-दोन देशांचे झेंडे एकदम खाली, म्हणजे गेलेला माणूस साधासुधा नाही. मेडिकलवाल्यांचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, माणूस नसन गेला, त्या शहरातच काही आक्रीत घडलं असन, स्फोट-बिट. पण स्फोटाची शोकसभा घेता येत नाही, माणसाची येते. म्हणून गुरुजींचं मत मान्य झालं. हे मात्र बंद टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत बसले.

मी आत जाऊन लेकीला विचारलं. तिचं उत्तर आलं, कपडे धुते आहे, का गं? मी फोन उशीखाली ठेवून दिला.

शनिवार म्हणून संध्याकाळी मारुतीच्या पारावर गर्दी असतेच, ती आयती मिळाली. मी तेल वाहायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. हार मेडिकलवाल्यांनी आणला. फोटो कोणाचा लावायचा हा प्रश्न आला, तेव्हा तो रिकाम्या खुर्चीला घातला. गुरुजी बोलले. त्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली ती कधीही भरून निघणार नाही, असे मनमिळाऊ, निगर्वी व्यक्तिमत्त्व पुन्हा होणे नाही. मागून कोणीतरी विचारलं, पण गुरुजी, होते कोण? गुरुजी म्हणाले, नाव जाहीर व्हायचं आहे. मग एक माजी सरपंच उठले. ते कुठल्याही शोकसभेत उठतात. त्यांनी सांगितलं की, दिवंगतांचं आपल्या तालुक्यावर विशेष प्रेम होतं. बायकांत एकीनं डोळ्याला पदर लावला. रडायला प्रत्येकाकडे आपापलं काहीतरी असतंच.

दोन मिनिटं शांत उभं राहायची वेळ आली तेव्हा हे पारावर नव्हते.

मी घरी आले तर हे ओट्यावर. लाइट अजून नव्हती. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मेडिकलवाला म्हणते तसं काही झालं नसन ना तिथी?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं की लेक कपडे धुते आहे. पण तीन वर्षं मी दोघांचा निरोप्या होते, आणि अशी संधी रोज येत नाही.

"मले काय ठाव," मी म्हटलं. "तुम्हीच इच्यारा."

"मी कसा इच्यारू?"

"फोननं."

यांनी खिशातला फोन काढून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, नंबर कुठी हाये माझ्यापाशी. नंबर होता. फोनच्या यादीत सगळ्यात वर होता, कारण लेकीच्या नावाआधी यांनी टिंब देऊन ठेवलं होतं. मी तोंड फिरवून वातीला तेल घालत बसले.

तिकडून आवाज आला, "बाबा?"

यांनी घसा साफ केला. कचेरीत साहेबाच्या खोलीत शिरताना करत तसा. "लढाऊ जहाजानं झेंडा काऊन खाली केला वं?"

मग ती बोलायला लागली, आणि मला एवढंच कळलं की हे हं, हं म्हणून राहिलेत. मागून मला सांगितलं ते असं. समुद्रावरचा तो रामराम असतो. मालाचं जहाज लढाऊ जहाजाजवळून जाताना झेंडा खाली करतं, लढाऊ जहाजही आपला खाली करून उत्तर देतं, मग दोघंही वर चढवतात. आमची लाइट गेली म्हणून आम्ही झेंडे खालीच सोडून आलो.

"अन् त्यानं उत्तर नाई देल्लं तं?" यांनी विचारलं.

लेक काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "जेवली का?"

त्यानंतर मी आत गेले. ओट्यावर बोलणं चालूच होतं. दुसरबीडचं नाव एकदा आलं, आवाजही एकदा चढला, पण फोन कोणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण एकदा वाहिलेली श्रद्धांजली मागे घ्यायची पद्धत नाही. आणि चहा घेऊन नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले. लाइट होती. यांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता आणि कधी नव्हे ते घड्याळाकडे पाहत होते. चारच्या सुमारास काठावर, लाल इमारतीच्या खाली, एक पिवळा ठिपका येऊन थांबला. ठिपक्याचा एक हात वर गेला आणि हलायला लागला.

गुरुजींनी चष्मा पुसून बारकाईनं पाहिलं आणि मेडिकलवाल्यांना समजावून सांगितलं की तो बोया आहे, जहाजांना वाट दाखवायला असतो, वाऱ्यानं हलतो.

"बोया नाई, गुरुजी," हे म्हणाले. त्यांचा हात खुर्चीवरून वर उचलला गेला होता. "माही पोरगी हाये थे."