लोणीशेताची चौपन्न भोकं

पेंत्रेवन गावात एके काळी कुजबुज होती, की मैर प्रॉबर्टचं आणि इद्वाल हम्फ्रीजचं जुळलंय. मैर शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, वय सत्तावन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. इद्वाल तिच्याच वयाचा, बिनलग्नाचा; बटाटे आणि चौदा गाई एवढाच संसार. पुरावा काय, तर लागोपाठ नऊ रविवार मैर चॅपेलला आली नाही, आणि नेमक्या प्रार्थनेच्या वेळेला ती इद्वालच्या लोणीशेताकडे चढताना दिसली.

"परतली तेव्हा गुडघ्यांना माती," पोस्टातली बेती तिकिटाला जीभ लावत सांगायची. "गुडघ्यांचं मी समजू शकते. पण ओठांना?"

पोस्टाच्या कामाचा बेतीला पगार मिळायचा. हे दुसरं काम ती हौसेनं करायची.

त्या हिवाळ्यात गावावरच्या उतारावर खडीची खाण काढायची म्हणून एका कंपनीनं अर्ज टाकला होता. जमीन बड्या घराण्याची. त्यांनी कधीच होकार दिलेला. इद्वाल नुसता कूळ, त्याला विचारतो कोण? आशा एकाच गोष्टीची होती. उत्तम शेतजमीन सहसा खाणीला देत नाहीत. सरकारनं मातीच्या प्रती ठरवलेल्या आहेत: पहिली, दुसरी हाती लागली तर जमीन वाचते, तिसरीतल्या खालच्या निम्म्यात गेली, की तिच्यासाठी कोणी रडत नाही. मग कंपनीनं माती तपासायला हार्टनॉल नावाचा एक तरणा साहेब पाठवला. लाल जाकीट, नवे कोरे बूट. दोन दिवसांत इद्वालची तिन्ही शेतं उरकून तो गेला आणि महिन्याभरात त्याचा अहवाल गावच्या वाचनालयात येऊन पडला.

मैरनं तो उभ्या उभ्या वाचला. वरच्या शेतात तांबूस रेताड माती, हातभर खाली खडी. पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात गवत करपतं. बरोबर. खालच्या शेतात करडी चिकणमाती, तिच्यात गंजासारखे ठिपके, म्हणजे अर्धं वर्ष पाण्यात बसलेली. तेही बरोबर. पोरगा अगदीच मठ्ठ नव्हता. मग मधलं लोणीशेत: पाच भोकं, पाचही ठिकाणी दोन फुटांवर गोटे, माती उथळ, प्रत तिसरी, खालची.

"गोटे?" शेजारी उभा असलेला इद्वाल म्हणाला. "माझा आजा दाराला अडसर लावायला त्या शेतात गोटा शोधत फिरायचा. शेवटी बायबल लावलं त्यानं."

तो हसला, पण टोपी हातात चुरगळत राहिला. वरचं शेत आणि खालचं शेत मिळून त्याच्या गाई जेमतेम जगत. बटाटा पिकायचा तो लोणीशेतात. ते गेलं, तर इद्वालला गाव सोडून बहिणीकडे जायची वेळ येणार होती, आणि त्याच्या बहिणीला भेटलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता मैरच्या बाबतीत गाव एक गोष्ट विसरलं होतं. लग्नाआधी अकरा वर्षं ती एलिस ब्रीझ नावाच्या सरकारी नकाशेवाल्याबरोबर जिल्ह्यातली शेतं हिंडली होती. तो मातीचे नकाशे काढायचा. गावाची समजूत, की मैर त्याचा चहाचा थर्मास वाहते. थर्मास ती वाहायचीच. पण जमिनीत भोक पाडून माती वर काढायचं गिरमिटही तीच फिरवायची, वहीही तीच लिहायची, आणि शेवटच्या चार वर्षांत डोळे अधू झालेला म्हातारा फक्त मान डोलवायचा. ते चार फुटी गिरमिट तिच्या कोळशाच्या खोलीत पडून होतं. तिनं ते तेल लावून पुसलं.

पहिल्या रविवारनंतर सोमवारी इद्वाल शाळेच्या मागच्या दाराशी हजर.

"मैर, माझ्या शेतात सहा भोकं पडलीत. कोल्ह्याची म्हणावीत, तर कोल्हा भोक बुजवून वर गवताची चकती ठेवत नाही."

"मग असलं नीटनेटकं जनावर कोणतं, तूच सांग."

"बोलायचं तरी. मी आलो असतो मदतीला."

"म्हणूनच नाही बोलले. तू आलास की बोलत राहणार. आणि हे बघ, सोललेल्या बटाट्यांना हात लावू नकोस, तुझे नाहीत ते."

काम सोपं नव्हतं. गिरमिट फिरवायचं, वीतभर माती वर काढायची, गवतावर ओळीनं मांडायची, पुन्हा फिरवायचं. मग चिमूट ओली करून बोटांत मळायची. वळी होते का, चकाकते का, हाताला चिकटते का. शेवटी कणभर माती पुढच्या दातांखाली. करकरली तर बारीक वाळू; साय लागल्यासारखी गुळगुळीत सरकली, तर पोयटा. लोणीशेत एकदाही करकरलं नाही. फिकट तपकिरी, मऊसूत, चार फूट खोल आणि गोटा औषधालाही नाही.

म्हणजे तिचीही पंचाईतच. तिच्या भोकांत गोटे नाहीत, त्याच्या पाचांत आहेत. तो खोटारडा नाही, हे वरच्या-खालच्या शेतांवरून दिसत होतं. मग?

नवव्या रविवारी झोडपून पाऊस पडत होता. मैर फाटकातून शिरली आणि बूट सांभाळत सवयीनं शेताच्या मधल्या पट्ट्यावरून चालू लागली. गाव तिथूनच चालतं. शेत कितीही भिजलं तरी या फाटकापासून त्या फाटकापर्यंतचा तो दोन हाताचा पट्टा कोरडा. गाईसुद्धा तिथूनच जातात. अर्ध्या वाटेवर ती थांबली. आठ रविवारांत तिनं सगळीकडे भोकं पाडली होती, या वाटेवर सोडून. वाटेवर कोण भोक पाडतं?

तिनं गिरमिट रोवलं. दोन फुटांवर खट्ट.

मैरनं भोकांची वही जोडून खाणीच्या अर्जावर हरकत पाठवली. पाहणीच्या दिवशी सरकारी तपासनीस बाई आल्या, मिसेस आल्डरटन, साठीच्या, हातात छत्री. हार्टनॉल होता. इद्वाल होता, तोंड शिवलेला. आणि गाव कुंपणापलीकडे सहज फिरायला आलेलं, बेती सर्वांत पुढे.

"तुमची भोकं कुठे होती?" मैरनं विचारलं.

हार्टनॉलनं नकाशा दाखवला. पाचही एका रेषेत, फाटकापासून फाटकापर्यंत.

"बूट नवे होते ना तेव्हा?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुमच्या पायाखाली दगडाची मोरी आहे, साहेब. कोण्या जुन्या माणसानं पाणी काढायला पुरलेली. म्हणून ही वाट कोरडी. तुम्ही कोरडं बघून चाललात आणि पाचही वेळा एकाच मोरीच्या डोक्यात गिरमिट घातलंत. आता दोन पावलं चिखलात या."

तो आला. बूट घोट्यापर्यंत गेले. त्यानं स्वतःच्या हातानं गिरमिट फिरवलं. एक फूट, दोन, तीन, चार. हाताला कुठेही खट्ट लागलं नाही. त्यानं माती मळली, वळी केली आणि कोणी बघत नाही असं वाटून चिमूटभर दातांखाली घातली.

"करकरते?" मैरनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग तपासनीस बाईंकडे वळला. "माझं चुकलं. ही दुसरी प्रत आहे."

असं चारचौघांत बोलायला छाती लागते. मैरनं त्याला तिथेच थर्मासातला चहा दिला.

तीन महिन्यांनी निकाल आला. वरचं रेताड शेत कंपनीला मिळालं; लोणीशेत वगळलं. निकालात एक वाक्य होतं: 'श्रीमती प्रॉबर्ट यांची चौपन्न भोकं अर्जदाराच्या पाच भोकांहून अधिक विश्वासार्ह आहेत.' मैर तो कागद घेऊन पोस्टात गेली. रांग होती, तरी घाई केली नाही.

"दोन प्रती काढ," ती बेतीला म्हणाली. "एक माझ्या भिंतीला. एक तू ठेव, गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला."

बेतीनं खरंच वाचून दाखवली, वर्षभर, आणि प्रत्येक वेळी अशा रुबाबात की भोकं जणू तिनंच पाडली होती. मैर रस्त्यानं निघाली की लोक बागेतली माती मुठीत घेऊन पुढे करायचे. ती मळून सांगायची, आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

राहिली ती कुजबुज. मैर रविवारी जायची, कारण शाळेला सुट्टी असायची आणि शेतात बोलणारं कोणी नसायचं. ते नऊही रविवार इद्वाल चॅपेलमध्ये दुसऱ्या बाकावर बसून खर्जात गात होता. त्याच्या मागच्या बाकावर बेती बसलेली होती.