सुभद्राकाकूच्या कार्डावरचा ठिपका

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि शुद्धलेखन त्याहून कच्चं. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर पेन धरला तो बचत गटाच्या सहीपुरता. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्याने ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं.

शेजारची सुभद्राकाकू मेहकरच्या एटीएममध्ये शिरली की डोक्यावरचा पदर पुढे ओढून बटणांवर धरायची, वाऱ्यातून दिवा नेताना धरतात तसा. आत बोटं काय करतात ते देवालाही दिसत नसे. मागे कोणी जवळ आलं की मान न वळवता म्हणायची, "मांगं सरक बे. इथं काय लगन लागून राह्यलं का पाह्यले?" रांगेतले हसायचे. मी दाराशी उभी राहून लाजेने चपलांकडे बघायची.

काकू सुलतानपूरच्या बाजारात भाजी विकायची. नवरा नव्हता, एक मुलगी, सुनंदा, शेगावला दिलेली. काकूच्या घरात तांब्यावर, विळ्यावर, छत्रीच्या दांड्यावर, सगळीकडे लाल नेलपॉलिशचा ठिपका असायचा. लग्नाकार्यात भांडी बदलतात म्हणून लागलेली सवय. बँकेचं कार्ड आलं तेव्हा त्यावरही जाडसा ठिपका बसला. "लोकाची वस्तू आपल्याले नको, आपली लोकाले नको."

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनसाठी तिने म्हैस विकून वीस हजार खात्यात ठेवले होते. मशीनवरची अक्षरं दिसेनात, तेव्हा तिने कार्ड माझ्या हाती दिलं आणि कानाशी तोंड आणून नंबर सांगितला. "लिहू नको. पदर धरजो. कोणी मदत करतो म्हणलं त तशीच बाहेर येजो. पैसे नाई भेटले तरी चालते."

मशीनने कार्ड दोनदा बाहेर टाकलं. मागून एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस म्हणाला, "ताई, द्या इकडे, मी दाखवतो." इतक्या अदबीने कोणी बोललं की मला नाही म्हणवत नाही. पदर धरायचीही लाज वाटली. मी त्याला चोर समजते असं वाटेल म्हणून. त्याने कार्ड बाहीला पुसलं, आत घातलं, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत नंबर दाबला. "मशीनच बिघडलं," म्हणत त्याने कार्ड परत दिलं.

एसटीत बसल्यावर कार्ड पाहिलं. ठिपका नव्हता.

तिथेच उतरायला हवं होतं. भरल्या गाडीत कंडक्टरला हाक मारणं माझ्याने झालं नाही. काकूला सांगितलं, मशीन बंद होतं, उद्या पुन्हा जाते. कार्ड माझ्याकडेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी काकूने कार्ड मागून घेतलं. तिला दिसत नव्हतं, पण अंगठा कार्डावरून फिरला आणि थांबला.

"हे मावं नाई व, मंदे."

ती ओरडली नाही. माझा दंड धरून मेहकरच्या बँकेत घेऊन गेली. साहेबांनी पाहून सांगितलं, दहा हजार त्याच दिवशी गेले. एका दिवसात तेवढेच निघतात. बाकीचे दहा दुसऱ्या दिवशी. "लगेच कळवलं असतं तर कार्ड बंद केलं असतं. निम्मे तरी वाचले असते."

बँकेच्या पायरीवर काकू बसली. "पह्यले दहा चोरानं नेले. ते तुयापासून घेतले त मी चोराहून वाईट. पन दुसऱ्या दिवसाचे दहा तुया लाजेनं नेले. ते देय. महिन्याले हजार. आन दर हजारामांगं एका बाईले सारं सांगून येजो, तुया तोंडानं. नाईतर पैशाले हात लावणार नाई."

"काकू, पायजे त गळ्यातलं डोरलं मोडून एकदम देते. पन सांगाले नोका लावू."

"डोरलं मोडून कोणाचं कार्ड वाचन व?"

निंदणाच्या मजुरीतून पहिला हजार जमला. गल्लीतल्या शकीलाभाभीच्या दारात घटकाभर उभी राहिले, मग एका दमात सांगून टाकलं. ती हसली नाही. "या अल्ला, म्या त नंबर कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवला!" म्हणत आत गेली आणि ते पाकीट चुलीत घातलं. दर महिन्याला काकू आधी विचारायची, "कोणाले सांगतलं? हासली का? हासू दे," आणि मगच नोटा घ्यायची. ऑपरेशन लांबतच गेलं. काकू गिऱ्हाइकाने दिलेली नाणी बोटांनी चाचपून ओळखायची. मी समोर असले की ते पाहवत नसे.

नऊ हजार फिटले आणि काकू तापाने गेली.

तेराव्यानंतर मी सुनंदाकडे शेवटचे हजार घेऊन गेले. ती म्हणाली, "हे कायचे व, ताई? माय त म्हणे, तीच कोणापाशी नंबर बोलून बसली. मी लय रागावली तिले. पदर धरणारी बाई तू, अशी कशी भुलली, म्हणलं."

काकूने पोटच्या लेकीलाही माझं नाव सांगितलं नव्हतं. मी नोटा ठेवून उठले असते, तर तिला खरं कधी कळलंही नसतं.

मी खाली बसले. "सुनंदा, काकू नाई भुलली. मी भुलली. आन मंग दोन दिवस दडवून ठेवलं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हात पुढे केला. मी पाचशेच्या दोन नोटा त्यावर ठेवल्या. दहा हजार पुरे झाले.